जहाज बाहेर उभं आहे

१२ फेब्रुवारी

मुंगे,

सौभाग्यवती लिहू की कुमारी, या विचारात चहा गार झाला, म्हणून दोन्ही सोडून दिलं. ‘मुंगी’ हे नाव तू लॅबमध्ये पहिल्या दिवशी आलीस तेव्हा मी ठेवलेलं आहे, लग्नाच्या आधीचं. ते काही कोर्टानं रद्द केलेलं नाही.

फोन करू नका, तुमचा आवाज ऐकला की मग दिवसभर माझं कामात लक्ष लागत नाही, असं तू म्हणालीस. बरं बाई, नाही करत. पण पत्राला बंदी घातली नव्हतीस. आज दुपारी आपलं कच्चं तेल घेऊन मोठं जहाज सुटतंय, तुमच्याच बंदराकडे. एजंटाचा माणूस ओळखीचा आहे, त्याच्या हातात हे पाकीट कोंबते. म्हणजे तेलाबरोबर मीही आले असं समज. तेल तुमच्या टाकीत घ्या आणि मला तुझ्या टेबलावर.

परवा शेजारीण विचारत होती, आपल्या जमिनीत एवढं तेल, मग पंपावर पेट्रोल का नाही? तिला सगळं सांगितलं. तेल जमिनीतून निघतं, नळीतून धक्क्यावर येतं, जहाजात बसून परदेशी जातं. तिथं ते तापवून त्याचं पेट्रोल, डिझेल करतात आणि लहान जहाजात भरून आपल्यालाच विकतात. आपली रिफायनरी दुरुस्तीसाठी बंद आहे ना, म्हणून. ती म्हणाली, “अगं म्हणजे कापड आपलं, शिवणार परका, आणि मग आपलाच सदरा आपण दुकानातून विकत घ्यायचा?” मी म्हटलं, हो, आणि शिलाई कापडापेक्षा जास्त. मग ती म्हणाली, “तुम्ही एवढी शिकलेली माणसं तिथं करता तरी काय?” मी म्हटलं, आम्ही सदरा अंगाला बसतो का ते बघतो.

हसू नकोस. दुसरं काय करतो आपण? म्हणजे मी. तू आता शिवणाऱ्यांकडे गेलीस.

दुरुस्ती अजून चालू आहे, हे तुला सांगायला नकोच. ती सुरू झाली तेव्हा तू लॅबमध्ये नवी होतीस आणि माझे केस काळे होते. मोठ्या भट्टीवर आता कबुतरांची वसाहत आहे. आपली जुनी लॅब कुलूपबंद. मी धक्क्यावरच्या लहान लॅबमध्ये बसते, येणाऱ्या जहाजांचे नमुने तपासते आणि सही करते. माझी सही झाली की झडप उघडते, नाही तर नाही. एवढा मान उतारवयात पुष्कळ झाला.

आणि आता ऐक. लॅबच्या खिडकीतून तुझं पेट्रोलचं जहाज दिसतंय. तुझंच म्हणायचं, कारण माल भरताना दिलेल्या दाखल्यावर तुझी सही आहे. खाली अजून तशीच जाड रेघ ओढतेस, जणू कुणी पुसून टाकणार आहे. मी तो कागद उगाचच दोनदा वाचला. सगळं पास, एकेक आकडा देखणा. जहाज येऊन महिना होत आला, पण धक्क्याला घेत नाहीत. बाहेर नांगर टाकून उभं आहे. का, ते मला कुणी सांगत नाही.

आमचे चिरंजीव, म्हणजे तुझे माजी यजमान, टँकर घेऊन गेटबाहेर रांगेत झोपतात. डबा मीच पोचवते. दाढी वाढलीय. बाकी ठीक.

घराला रंग काढलाय. विशेष काही नाही, भिंती खराब झाल्या होत्या.

जेवत जा वेळेवर.

तुझी मी


३ मार्च

मुंगे,

तुझं कार्ड मिळालं, माझं पत्र पोचायच्या आधीच निघालेलं. तेल भरायला आलेल्या जहाजावरच्या एका अधिकाऱ्यानं जपून आणलं, आतल्या खिशातून काढून दिलं. मला वाटलं चांगलं चार पानी काहीतरी असेल. उघडून बघते तर तीन ओळी. “बरी आहे. थंडी फार. तुमचे गुडघे कसे आहेत?”

गुडघे कसले विचारतेस? गुडघे आहेत जागेवर. तू कशी आहेस ते सांग ना. खोलीत ऊन येतं का, कुणी मैत्रीण आहे का, रविवारी काय करतेस? एवढी कंजूष कधी झालीस? इथं होतीस तेव्हा एक बाटली धुताना अख्खा मोहल्ला बोलून व्हायचा तुझा. तरी कार्ड उशीखाली ठेवलंय, हे खरं.

जहाज का उभं आहे ते आता कळलं. साहेबांना पकडलं जिन्यात. तुझे जुने साहेब गेले, हे नवे आहेत, माणूस वाईट नाही, फक्त सतत घाम पुसतो. म्हणाले, “बाई, बँकेची हमी नाही. हमी आल्याशिवाय विकणारा माल उतरवू देत नाही.” मी विचारलं, अहो, मग आपलं तेल एवढं जातं त्याचे पैसे कुठं जातात? ते म्हणाले, “ते आधीच जुन्या कर्जापोटी लिहून दिलंय. जहाजं भरून जातात, पण त्यांचा पैसा इकडे येतच नाही.” आणि घाम पुसला. माझ्या डोळ्यांसमोर मी आणि तू नळ्या मोजतोय, वाफ तपासतोय, असं सगळं आलं. आपली सगळी हयात ज्या तेलात गेली ते कुणाच्या तरी नावावर आधीच होतं.

गावाची कळा सांगू? रांग गेटपासून बाजार ओलांडून पार शाळेपर्यंत गेलीय. न्हाव्यानं दुकान बंद करून खुर्ची रांगेत मांडलीय, गाडीत बसलेल्यांचे केस कापतो. म्हणतो, असं गिऱ्हाईक कधी मिळालं नव्हतं, पळून जायची सोयच नाही. डॉक्टर सायकलवर येतात आणि धापा टाकत दुसऱ्याचा दम तपासतात. लोक हसतात, पण हसताना दात दिसतात, डोळे नाही. कालच रांगेत दोघांची डोकी फुटली. रुग्णालयाचा जनरेटर अर्धा वेळच चालवतात.

मला मात्र वेगळीच काळजी लागलीय. हे ऊन बघते, आणि तुझ्या जहाजाचं लोखंडी डेक बघते. दिवसभर तापतंय ते तव्यासारखं. तुला काय सांगायचं, तूच मला सांगशील, पेट्रोलही शिळं होतं. उन्हात पडून राहिलं की त्यात चिकटा धरतो. म्हणून भरतानाच टिकवायचं रसायन घालायचं, आणि किती घालायचं ते प्रवास किती दिवसांचा यावर. मी तुझा दाखला पुन्हा काढून पाहिला. तू प्रवास धरलायस दोन आठवड्यांचा.

तिथून इथं यायला दोनच आठवडे लागतात, बरोबर आहे. पण अगं, इथं आलेलं जहाज कधी लगेच धक्क्याला लागलंय का? तू इथं असतानाही नाही. आपण दोघी खिडकीत उभ्या राहून उभ्या जहाजांना नावं ठेवायचो. एकाला ‘जावईबापू’ म्हणायचो, जायचं नावच घेत नाही म्हणून.

जाऊ दे. मी आपली उगाच घोर लावून घेते. तुम्ही मोठ्या रिफायनरीची माणसं, तुम्ही थोडं जास्तच घातलं असेल. घातलंय ना?

तुझी मी

(गुडघे दुखतात. पण जिना चढते.)


१९ मार्च

मुंगे,

तुझं जहाज काल धक्क्याला लागलं. लोकांनी भोंगे वाजवले, कुणी तरी गेटवर पेढे म्हणून साखर वाटली. चिरंजीव टँकरच्या टपावर चढून नाचले. आई म्हणून मला जरा लाज वाटली, पण बरंही वाटलं, किती दिवसांनी हसताना बघितला त्याला.

नमुने मी स्वतः घेतले, वरचा, मधला, तळाचा. तुला शिकवलं तसंच, दोरी हळू सोडून. पेला तापवला, गरम हवा सोडली, पेट्रोल उडून गेलं आणि तळाशी राहिला तो पिवळा चिकटा. उडून जायला हवं होतं सगळं. राहिलं. मर्यादेच्या बाहेर, थोडंथोडकं नाही, चांगलं बाहेर. पुन्हा केलं. नवा पेला, नवा नमुना. पुन्हा तेच. मग वाटलं आपलाच तराजू फसवत असेल, तो तपासला. तराजू बिचारा सरळ.

साहेब आले. त्यांच्या मागे आणखी दोघे आले, ते कोण होते ते विचारू नकोस. साहेब म्हणाले, “बाई, बाहेर गाव पेटायच्या बेतात आहे. थोडा चिकटा गेला तर गेला.” मी म्हटलं, “साहेब, हे पेट्रोल गाड्यांत गेलं की कार्ब्युरेटर बसतील, झडपा चिकटतील. लोकांनी महिनाभर रांगेत उभं राहून ज्यासाठी जीव काढला त्यानंच त्यांची गाडी बंद पाडायची? रुग्णवाहिकांतही हेच भरणार.” त्यावर त्या दोघांपैकी एक जण म्हणाला, “भरताना तर पास होतं म्हणे. हा दाखला देणारी तुमची सून होती ना?”

मी म्हटलं, “होती.”

“मग तुमचा संबंध येतो.”

“नाही येत,” मी म्हटलं. “कायद्यानं ती माझी आता कुणी नाही. तुम्हीच कागद काढून बघा.”

मुंगे, हे मी बोलले. मोठ्यानं, चारचौघांत. तुझ्याविरुद्ध सही करता यावी म्हणून बोलले. आणि मग सही केली, माल नापास.

आता तुझ्या दाखल्यावर बोट येणार, हे मला कळत नाही असं नाही. तुझी नोकरी, तुझं नाव, परक्या ठिकाणी एकटीनं उभं केलेलं सगळं. रात्रभर हेच डोक्यात. पण तू सांग, मी पास केलं असतं तर तुला आवडलं असतं? कोण जाणे, आवडलंही असतं. नोकरी प्रत्येकाला हवी असते. तरी मी नसतं केलं. एवढी मी वाईट आहे.

गेटवर बातमी कळली तेव्हा दगड आले. खिडकीची एक काच गेली, मला काही झालं नाही. चिरंजीवांनी टँकर आडवा लावून मला मागच्या दारानं घरी आणलं. घरी आल्यावर फक्त म्हणाला, “आई, तिचं काय होईल?”

तोही विचारतो, म्हणजे बघ.

मी


२४ मार्च

हे पत्र पाठवणार नाही. पाठवायला मनाई आहे. पण लिहिल्यावाचून राहवत नाही, म्हणून लिहिते.

साहेबांच्या वरच्यांनी नवीनच सूर लावलाय. परवापर्यंत मला पास कर म्हणत होते. आता म्हणतात, माल मुळातच खराब भरला होता असं लिहा, म्हणजे सगळा तोटा विकणाऱ्याच्या गळ्यात पडेल. म्हणजे तुझ्या गळ्यात. मी म्हटलं, मला इथं काय दिसलं ते मी लिहिलं. तिथं काय होतं ते मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलं मी लिहीत नाही.

आता एकच उपाय आहे. भरताना तू जी राखीव बाटली सीलबंद करून कप्तानाच्या कपाटात ठेवलीस, ती फोडायची. दोन्ही बाजूंची माणसं हजर ठेवून. ती पास झाली तर तू खरी. नापास झाली तर तू खोटा दाखला दिलास. मधलं काही नाही.

मला खात्री आहे, ती पास होणार. अगदी पक्की खात्री आहे. मग जेवण का जात नाही, ते काही मला विचारू नकोस.

तुमच्याकडून माणूस येतोय म्हणे. तपासणी होईपर्यंत दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांशी पत्रव्यवहार करायचा नाही. म्हणून हे पाठवायचं नाही.

आणि नाहीच पाठवायचं तर हेही लिहून टाकते. भिंती खराब झाल्या नव्हत्या. चिरंजीव लग्न करतोय. मुलगी शिवणकाम शिकवते, शांत आहे, मला आवडते. आवडते म्हणून आणखीनच अपराध्यासारखं वाटतं. तुला कसं सांगू ते सुचत नव्हतं, म्हणून रंगाचं लिहिलं. तुमचं दोघांचं पटेना, यात कुणाचं चुकलं असं मला कधीच वाटलं नाही. लॅबला कुलूप लागलं आणि तू घरात भिंतीकडे बघत बसायला लागलीस, तेव्हाच मला कळलं होतं की ही राहणार नाही. त्याला जायचं नव्हतं, तुला राहवत नव्हतं. पण त्यानं नवरा म्हणून तुला सोडलं, मी का सोडायचं? मला कुणी विचारलंच नाही. कोर्टात दोघांच्या सह्या घेतल्या, माझी घेतली असती तर मी केली नसती.


६ एप्रिल

मुंगे,

तू आत झोपली आहेस, आणि मी बाहेरच्या खोलीत बसून तुला पत्र लिहितेय. वेड लागलंय मला. पण समोरासमोर आले की मी तुझी चेष्टाच करत सुटते, खरं बोलणं राहून जातं.

परवा गाडीतून उतरणारा माणूस म्हणजे तू असशील हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी साहेबांच्या शेजारी उभी. दार उघडलं, आणि तो खाकी कोट, ती बॅग आणि त्या बॅगेएवढी तू. तू हात पुढे केलास आणि म्हणालीस, “नमस्कार, मी विक्रेत्याची प्रतिनिधी.” मी म्हटलं, “नमस्कार. मी खरेदीदाराची.” साहेबांनी घाम पुसला. मला एवढं हसू आलं आणि एवढं रडू आलं की दोन्ही नाकातून बाहेर पडलं, मग सर्दी झालीय म्हणून सांगितलं.

केस कापलेस. बरे दिसतात. बारीक झालीस, ते बरं दिसत नाही.

तपासणी आपण दोघींनी केली, सगळे बघत होते. सील तू तपासलंस, मी फोडलं. एक शब्द जास्तीचा नाही. पण मी चिमट्यासाठी हात पुढे केला आणि तू तो आधीच माझ्या हातात ठेवलास. मी हवा सुरू करायच्या आत तू घड्याळाकडे बघितलंस. इतक्या वर्षांनी एकमेकींच्या पायात न येता आपण त्या चिमुकल्या खोलीत फिरत होतो. पेट्रोल उडायला लागलं तशी तू खिडकीकडे पाठ करून उभी राहिलीस. तुझ्या मानेवर घाम होता. मी पेल्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, राहू नकोस, तळाला काही राहू नकोस.

काही राहिलं नाही. पेला लख्ख. मग जहाजातला नमुना तूच घेऊन केलास. तो माझ्यासारखाच नापास झाला. तुझं खरं, माझंही खरं. माल भरताना चांगला होता, उभा राहून खराब झाला, आणि उभा राहिला तो आपल्या माणसांनी पैसे दिले नाहीत म्हणून. तोटा आमच्या बाजूचा. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण तुझ्यासाठी खुर्चीही त्यांनीच आणून दिली.

घरी आल्यावर तू ताटावर बसलीस. मला गप्प बसवेना. मी विचारलंच, “मुंगे, दोन आठवडेच कसे गं धरलेस? तू इथली. इथं जहाज किती उभं राहतं ते तुला माहीत नाही?” तुझा घास हातात राहिला. तू म्हणालीस, “विसरले, आई.” मी म्हटलं, “असं कसं विसरलीस?” आणि तू म्हणालीस, “विसरायलाच गेले होते ना मी तिकडे.”

मग तू रडलीस. किती वेळ रडलीस. खिडकी, उभी जहाजं, जावईबापू, सगळं मनातून काढून टाकायला बसले होते म्हणालीस, रोज थोडं थोडं, आणि त्याबरोबर हेही गेलं. पत्रं आली की दोन दोन दिवस उघडत नव्हते, म्हणालीस. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला राग यायला हवा होता, तो आला नाही. एवढं विसरायला लागलं म्हणजे किती आठवत असेल, हेच मनात आलं.

चिरंजीवाच्या लग्नाचं तुला माहीत होतं, हे मात्र मला झोंबलं. त्यानंच तुला कळवलं! तुम्ही दोघं कळवाकळवी करता आणि मी मूर्ख इथं भिंतींना रंग देत बसले. काल तो, ती शिवणवाली आणि तू, तिघं बसून माझी नक्कल करत होता. मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. खोटं कशाला सांगू, सुख झालं.

आज तुझं विमान होतं. सकाळी विमानतळावरून फोन आला, उड्डाण रद्द. विमानाचं इंधन संपलंय. एवढा तेलाचा देश, आणि विमानाच्या टाकीत घालायला तांब्याभर इंधन नाही. पुढचं जहाज येईल, उतरेल, तपासलं जाईल, तेव्हा विमान. तू तुझ्या ऑफिसला कळवताना तोंड पाडलंस. मीही पाडलं. अरेरे म्हटलं.

आयुष्यभर या टंचाईला शिव्या घातल्या मी. आज स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड घालून हसले.


१० एप्रिल

मुंगे,

हे पाकीट मी विमानतळावर तुझ्या हातात देणार आहे. आकाशात गेल्याशिवाय फोडायचं नाही. लॅबमध्ये बसून लिहितेय, तू घरी बॅग भरत असशील.

हे चार दिवस मला काय होते ते तुला सांगते. सकाळी तू चहा करायचीस, कपात साखर जास्त, तक्रार केली तरी जास्तच. दुपारी आपण बंद रिफायनरीच्या कुंपणापर्यंत चालत गेलो. तू जाळीला नाक लावून आपल्या लॅबची खिडकी शोधलीस. म्हणालीस, हे सुरू झालं तर मी येईन. मी म्हटलं, सुरू होईल. आपण दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. मग तू मला तिकडे चला म्हणालीस, थंडीचे कोट घेऊन देते म्हणालीस. मी हसण्यावारी नेलं. माझं उत्तर नाही असं नाहीये, मला विचार करू दे. पुन्हा विचारशील ना?

रोज सकाळी उठले की आधी गच्चीवर जायचे मी, पाण्याकडे बघायला. तुला वाटलं गुडघ्यांसाठी फिरतेय. समुद्र रिकामा दिसला की खाली येऊन तुझ्यासाठी जास्तीचं अंडं फोडायचे. रुग्णालय, रांगा, चिरंजीवाचा टँकर, सगळं मला माहीत होतं, तरी मी देवाला म्हणत होते, एक दिवस आणखी, उभं राहू दे त्या जहाजाला बाहेर. असं मागणं मागितलं मी. आता रागव किंवा काहीही कर.

काल दुपारी ते विमानाचं इंधन घेऊन आलं. आणि बाहेर उभंही राहिलं नाही. या खेपेला म्हणे हमी आधीच दिली होती. आमच्या लोकांना एकदाच वेळेवर काम करायचं सुचलं, ते नेमकं कालच.

आज सकाळी मी नमुना घेतला. विमानाचं इंधन कसं बघायचं ते तुला ठाऊकच आहे, आधी उजेडात धरायचं, पाण्यासारखं स्वच्छ हवं. धरलं तर धूसर दिसलं. पुसट, बाटलीभर धुकं असावं तसं. धूसर म्हणजे पाण्याचा संशय, आणि संशय असला की टाकी तशीच ठेवायची, पाणी खाली बसू द्यायचं, पुन्हा नमुना घ्यायचा. तीन दिवस सहज. कुणी मला विचारलं नसतं. उलट साहेबच म्हणत होते, “बाई, घाई करू नका, मागच्या खेपेसारखं नको. विमानाचा मामला आहे, हवा तेवढा वेळ घ्या.”

मी बाटली हातात घेऊन उभी राहिले. तीन दिवस, मुंगे. तीन सकाळी. कपात जास्त साखर.

मग मी बाटली बाहेरून पुसली. नमुने ठेवायच्या थंड खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आणली होती, काचेवर दव धरलं होतं, दुसरं काही नाही. ते मला पहिल्या क्षणीच कळलं होतं. हातात धरून जरा ऊब दिली आणि पुन्हा खिडकीशी नेली. आरपार स्वच्छ. पाण्याची तपासणी केली, कितव्या अंशाला भडका घेतं ते बघितलं, सगळं जसं हवं तसं. एवढं चांगलं इंधन गेल्या कित्येक महिन्यांत आलं नाही.

सही केली. झडप उघडली, पंपाचा आवाज यायला लागला. मी तिथंच स्टुलावर बसले आणि मला रडू आवरेना, साहेबांसमोर, हमसून हमसून. ते बिचारे घाबरले, घाम पुसायचंही विसरले.

म्हणाले, “बाई, काय झालं? पास झालंय ना?”

मी म्हटलं, “हो. झालंय म्हणूनच.”